स्टेशनपासून घरापर्यंत : विजेच्या वाहनाची शंभर वर्षे

१६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाण्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या दिवशी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक या रुळांवरून सुरू होते आणि रुळांवरच संपते. लोकलची गर्दी, डब्यातली भजने, चौथी सीट, खिडकीवरचा हक्क हे सगळे आपल्या कथा-कवितांत येऊन गेले. पण गाडी फलाटाला लागली, माणूस जिना उतरला, आणि मग घरी कसा गेला? सकाळी स्टेशनवर कसा आला होता? त्या मैल-दोन मैलांची नोंद कोणी नीट ठेवलेली नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या तुकड्याविषयी आहे.

निमित्त माझ्या विजेच्या स्कूटरचे. मार्च २०२२ मध्ये ती घेतली. सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे घरात कोणतीही वस्तू आली की तिची वंशावळ शोधायची खोड मला लागली आहे. शेजारीपाजारी विचारतात, ‘‘मॅडम, एका चार्जिंगमध्ये किती जाते?’’ त्याचे उत्तर पुढे ओघात देईन. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. सगळेजण या वाहनाला ‘नवे’ म्हणतात. पण ज्या गावांचा जन्मच विजेच्या गाडीमुळे झाला तिथे विजेचे वाहन नवे कसे?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. तारेतला दाब १५०० व्होल्ट, डीसी. जीआयपी रेल्वेने पुढच्या पाच वर्षांत तारा कल्याणच्या पलीकडे दोन्ही घाट चढवून नेल्या आणि १९३० पर्यंत पुणे व इगतपुरी ही दोन्ही टोके गाठली. घाटात वाफेच्या इंजिनांची दमछाक होत असे, हे त्याचे मोठे कारण. मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाला तर रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ असे नाव दिले होते. लांबट, सांध्यात दुमडणारे ते धूड पाहिले की नाव का पडले ते सांगावे लागत नाही. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तीही विजेवरच.

ही वीज यायची कुठून? टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देत होते. पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे उभी राहिली. शिवाय रेल्वेने स्वतःचे कोळशावरचे केंद्र बांधले, ते कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला, चोळे गावाजवळ. रेल्वेच्या कागदांत ते ‘चोला पॉवर हाऊस’. डोंबिवलीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात नुसतेच ‘पॉवर हाऊस’. ते बंद पडले १९८०च्या दशकात. लहानपणी आम्हांला ती एक काळी, धुरकट, आपल्याशी संबंध नसलेली जागा वाटे. वास्तविक आमच्या गावाचा सगळा संसार त्या चिमण्यांवर चालला होता. विजेची गाडी स्टेशन सोडताच वेग घेते, थांबताना चटकन थांबते. त्यामुळे एकामागोमाग एक गाड्या सोडता येतात. मुंबईपासून ४८ किलोमीटरवरची डोंबिवली आणि ५४ किलोमीटरवरचे कल्याण ही रोज जाऊन-येऊन राहण्याजोगी गावे झाली ती या गुणामुळे. स्वस्त जागा हे दुसरे कारण झाले. पण गाडी नसती तर स्वस्त जागेत राहायला आले असते कोण?

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९२५ ची ती वीज सामायिक होती. तार रेल्वेची, वीज रेल्वेची, आणि पासाचे पैसे भरणारा प्रत्येकजण तिचा सारखाच धनी. पण ही सामायिक वीज फलाटावरच संपली. तिथून पुढे सगळे ज्याच्या त्याच्या नशिबावर: पाय, टांगा, सायकल, मग रिक्षा.

ती पुढे रस्त्यावर येऊच शकली नसती असे नाही. मुंबईत ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम होती. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. जून १९६२ मध्ये बेस्टने ट्रॉलीबस आणल्या. वर दोन तारा, खाली रबरी चाके. १९७१ मध्ये त्याही बंद झाल्या. ठाण्याच्या पुढे तर यातले काही आलेच नाही. म्हणजे रुळांवरची वीज टिकली, वाढली. रस्त्यावरची वीज दोनदा आली आणि दोनदा उचलली गेली. ट्रॉलीबस गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आकुर्डीहून बजाजची ‘चेतक’ आणि अहमदनगरहून कायनेटिकची ‘लुना’ बाजारात आली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कार्यकारणभाव काढायचा नाही, असे मी वर्गात मुलांना बजावले असते. तरीही या दोन साली शेजारी शेजारी मांडून पाहिल्या की काहीतरी दिसते खरे. रस्त्यावरचा प्रवास सार्वजनिक सेवेकडून कुटुंबाच्या खिशाकडे सरकत होता.

आमच्या बाजूला स्कूटरचा इतिहास मात्र आकुर्डीहून नव्हे, भांडुपहून सुरू होतो. ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटलीच्या इनोसेंटीच्या परवान्याने तिथे लॅम्ब्रेटा जुळवत असे. माझे एक मामा त्या कारखान्यात होते. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून भांडुपला जायचे, दिवसभर स्कूटर बनवायच्या, आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरापर्यंत चालत यायचे. स्वतःची लॅम्ब्रेटा त्यांनी कधी घेतली नाही. घेणे परवडलेही नसते. इनोसेंटीने लॅम्ब्रेटा बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री सरकारी स्कूटर्स इंडियाने विकत घेऊन लखनौला नेली. भांडुपचे काम हळूहळू मंदावत गेले. मामांच्या घरात त्या कारखान्याची एकच खूण उरली, एक पान्ह्यांचा डबा. तो आता माझ्याकडे आहे. विजेच्या स्कूटरला त्यातला एकही पाना लागत नाही.

त्या काळी स्कूटर विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हते. १९६० च्या नियंत्रण आदेशाने स्कूटरचे वाटप आणि विक्री सरकारच्या देखरेखीखाली होती. नाव नोंदवायचे, पोस्टात अनामत ठेवायची आणि वाट पाहायची. परदेशी चलन भरणाऱ्याला ती आधी मिळे, त्यामुळे आखातात किंवा अमेरिकेत भाऊ असलेल्या माणसाचा भाव वधारलेला असे. बाबांनी १९७४ च्या रेल्वे संपानंतर चेतकसाठी नाव नोंदवले. ८ मे पासून वीस दिवस चाललेल्या त्या संपात, कल्याणसारख्या रेल्वेच्या गावाला लागून राहत असूनही, किंवा राहत असल्यामुळेच, आपण रुळांवर किती अवलंबून आहोत हे त्यांना उमगले असावे. स्कूटर आली १९८२ मध्ये. मधल्या आठ वर्षांत मी शाळा संपवून कॉलेजात गेले होते. शेजारच्यांनी तेवढी कळ काढली नाही. त्यांनी साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ वर पैसे देऊन दुसऱ्याच्या नावावरची घेतली. असे व्यवहार तेव्हा राजरोस चालत.

चेतक आली, पण ती बाबांची होती. आईला ती कधी चालवता आली नाही, आणि याला आईचा काही इलाज नव्हता. हाताने गिअर, जड अंग, सकाळी सुरू होईना तर एका अंगाला तिरकी करून मग किक मारायची. तो एक पुरुषी विधीच होता म्हणा ना. आई शाळेत शिक्षिका. तिने १९८५ च्या सुमारास लुना घेतली. पन्नास सीसीच्या आतले, पायडल असलेले, किमतीला बेताचे आणि वाट न पाहता मिळणारे ते वाहन. अहमदनगरच्या त्या यंत्राने आमच्यासारख्या गावांत जी उलथापालथ केली तिच्याविषयी अजून कोणी प्रबंध लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पहाटेची शाळा, दुपारची शिकवणी, बँकेचे काम, माहेरी आजारी असलेल्या आईला डबा, हे सगळे बाईला एका दिवसात एकटीने उरकता येऊ लागले. टीकाकार म्हणतील, म्हणजे कामे वाढली. वाढलीच. पण निघायची वेळ तिची ती ठरवू लागली.

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाहीत, आणि बटण दाबले की सुरू. विजेच्या स्कूटरचा इतिहास लिहिणारे तिला विसरतात. बॅटरी स्कूटरमध्ये प्रथम उपयोगी पडली ती चाक फिरवायला नव्हे, इंजिन जागे करायला. किक गेली आणि स्कूटर बायकांची झाली. या शतकाच्या आरंभी ॲक्टिव्हाने तोच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. बटण दाबून निघायची सवय एकदा लागल्यावर त्या बटणामागे पेट्रोल आहे की वीज, हा तपशिलाचा प्रश्न उरतो.

तरीही पहिली लाट फसली. २००६–०७ च्या सुमारास विजेच्या हलक्या स्कूटर दुकानांत दिसू लागल्या. ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असेल तर ना लायसन्स ना नोंदणी, असा नियम होता, अजूनही आहे. बॅटऱ्या शिशाच्या. चार बॅटऱ्यांचा संच उचलायचा तर गव्हाचे अर्धे पोते उचलल्यासारखे वाटे, आणि दीड-दोन वर्षांत तो बदलावा लागे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अशा दुचाकींना थोडे अनुदान दिले; ते मार्च २०१२ ला संपले आणि विक्री ढेपाळली. पण आमच्याकडे अडचण अनुदानाची नव्हतीच. अडचण भारनियमनाची होती. वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण झाले तेव्हापासून पुढची काही वर्षे आम्ही रोज काही तास अंधारात काढले. मुलुंडचे जकात नाके ओलांडून मुंबईत शिरले की दिवे लखलखत आणि अलीकडे ठाणे-कल्याणच्या जिन्यांत मेणबत्त्या. घरात पंखा चालवायला वीज नाही आणि दारात विजेची स्कूटर, ही कल्पना विनोदी वाटे. आमच्या गल्लीत एकाने घेतली होती. भारनियमनाचे वेळापत्रक बदलले की त्याचे कामावर जायचे वेळापत्रक बदले. वर्षभरात ती अडगळीत गेली.

मग बदलले काय? मुख्यतः दोन गोष्टी. भारनियमन ओसरले, आणि शिशाच्या जागी लिथियम आले. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली ती छोट्या कॅमेऱ्यांसाठी; पुढे मोबाईल आणि लॅपटॉपमुळे तिचे उत्पादन अफाट वाढले आणि किंमत घसरली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले ते याच बॅटरीसाठी. त्याच वर्षी एप्रिलपासून केंद्राची ‘फेम-२’ योजना सुरू झाली, ऑगस्टपासून विजेच्या वाहनांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, आणि ऑक्टोबरात बजाजने चेतक पुन्हा दाखवली, पण विजेवरची. ज्या नावासाठी बाबा आठ वर्षे थांबले त्याच नावाची गाडी आता मोबाईलवर नोंदवता येत होती. लुनाही २०२४ मध्ये विजेवर परत आली. नावांना मरण नसते, इंजिनांना असते.

जून २०२१ मध्ये केंद्राने अनुदान वाढवून बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १५ हजार रुपये केले. जुलैमध्ये महाराष्ट्राचे नवे धोरण आले. त्यात दुचाकीला कमाल दहा हजार, आणि मुदतीत घेणाऱ्याला आणखी पंधरा हजारांपर्यंत. ती मुदत पुढे मार्च २०२२ पर्यंत वाढली. माझ्या खरेदीची तारीख मार्चची का, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. माझ्या स्कूटरची बॅटरी तीन किलोवॉट-तासांची. म्हणजे केंद्राचे पंचेचाळीस हजार आणि राज्याचे वेगळे. सरकारने इतके पैसे माझ्या एकटीच्या स्कूटरवर खर्चले, आणि मी निवृत्तिवेतन घेणारी, स्वतःच्या घरात राहणारी बाई. आमच्या बसथांब्यावर उभे राहून पालिकेच्या बसची वाट पाहिलेल्या कोणालाही यात काहीतरी खटकेल. मलाही खटकते, स्कूटर आवडते तरी खटकते. जून २०२३ पासून केंद्राने हा आकडा उतरवला, ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये तो आणखी कमी झाला, बसची वाट पाहणे मात्र तसेच आहे.

आता ते उत्तर. एका चार्जिंगमध्ये माझी स्कूटर ऐंशी किलोमीटर जाते. कागदावर याहून बरेच जास्त लिहिलेले आहे. पावसाळ्यात सत्तर. शंभर किलोमीटरला भिंतीतून सव्वाचार युनिट लागतात, म्हणजे बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर धरला तरी पन्नास रुपयांच्या आत. तेवढ्याच अंतराला आमच्या घरची पेट्रोलची स्कूटर सव्वादोनशेहून अधिक खाई. साडेतीन वर्षांत सतरा हजार किलोमीटर झाले. तीस हजारांच्या आसपास वाचले. ऑइल नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही. एकदा टायर, दोनदा ब्रेकचे पॅड. पण बॅटरी बदलायची वेळ आली तर हा सगळा हिशेब एका दिवसात उलटा होईल, आणि जुन्या विजेच्या स्कूटरला बाजारात किंमत मिळते ती गाडीची नव्हे, बॅटरीच्या उरलेल्या आयुष्याची. उतारावर किंवा सिग्नलला वेग कमी करताना मोटर उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते. सीमेन्सच्या लोकल २००७ पासून हेच करीत आल्या आहेत. त्या वीज तारेला परत देतात. माझी स्कूटर मात्र ती वीज कोणाला देत नाही, स्वतःच ठेवते.

वायर कुठून कशी आणायची, हा खरा प्रश्न निघाला. आमची इमारत तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, अशा इमारतींची डोंबिवलीत गणतीच नाही. माझ्या स्कूटरची बॅटरी काढता येत नाही. मग माझ्या मीटरवरून स्वतंत्र वायर, एमसीबी, नीट अर्थिंग आणि पार्किंगमध्ये कुलूपबंद सॉकेट, असा सगळा खर्च माझा, अशी तयारी दाखवून मी सोसायटीकडे अर्ज केला. परवानगीला पाच महिने लागले. तोवर मी नात्यातल्या एका बंगल्यात जाऊन चार्ज करून आणत असे. सेक्रेटरी काका वाईट माणूस नव्हेत. ‘‘ताई, उद्या काही पेटलं तर सही माझी आहे,’’ ते म्हणाले. यावर काय बोलणार? त्याच मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी विजेची स्कूटर पेटल्याचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले होते. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या. आणि सप्टेंबरात वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचे एक मूल गेले. ही बातमी आली तेव्हा माझी परवानगी मिळून महिनाच झाला होता. आमच्या जिन्यात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. त्यानंतरच्या गाड्या अधिक भरवशाच्या आहेत असे जाणकार सांगतात. पण आधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आणि जिन्याखाली आहेतच, हेही तितकेच खरे.

रस्त्यांचा इतिहास सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डोंबिवली ते ठाणे रुळांवरून चौदा किलोमीटर. रस्त्याने मात्र मध्ये पारसिकचे डोंगर आणि उल्हास खाडी. त्यामुळे शिळफाटा, मुंब्रा, कळवा असा पंचवीसेक किलोमीटरचा वळसा घालावा लागे. रुळ १८५४ मध्ये सरळ गेले, रस्त्याला सरळ जायला २०२५ उजाडले. त्या वर्षी मोठागाव–माणकोली पूल सुरू झाला आणि नाशिक महामार्गावरून मी सतरा-अठरा किलोमीटरमध्ये ठाण्याला पोचू लागले. मराठी ग्रंथसंग्रहालयात, ते १८९३ मधले, संदर्भ पाहायला मी आता स्कूटरने जाते. परत येईपर्यंत निम्म्याहून थोडी अधिक बॅटरी शिल्लक असते. गावातल्या गावातही रूळ ओलांडणे हेच संकट. कल्याणचा १९१४ मधला पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये मिळाला; डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ बंद होता. त्या दोन वर्षांत पूर्वेची माणसे पश्चिमेच्या नातेवाइकांना परगावच्या पाहुण्यांसारखी भेटत.

२०२५ च्या ९ जूनला सकाळी दिवा–मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले, त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या तिघांनी मला विचारले, स्कूटरने ठाण्यापर्यंत रोज जमेल का. मी जमेल असे सांगितले नाही. महामार्गावर कंटेनरच्या रांगेत चालवताना विजेची स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरइतकीच कचकड्याची असते. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणातल्या खड्ड्यांनी जे जीव घेतले त्यांत दुचाकीवरचे लोक होते. जाता जाता एक गंमत : राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी दिली आहे. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे.

मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये बाइक टॅक्सीला मान्यता दिली, तीही फक्त विजेच्या दुचाकींना. म्हणजे स्टेशन ते घर हा तुकडा शंभर वर्षांनी भाड्याच्या विजेवर येऊ घातला आहे. शेअर रिक्षावाल्यांना हे रुचलेले नाही, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्याजोगे पुष्कळ आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आमच्या इमारतीत आता विजेच्या चार दुचाकी आहेत. तिघी-चौघांपैकी तीन मालकांच्या, त्यांना माझ्यासारखी वायर मिळाली. चौथी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची. जेमतेम चोविशीचा मुलगा, घरोघरी पार्सल पोचवतो, दिवसाला शंभराच्या घरात किलोमीटर करतो. सतरा हजारांचा माझा साडेतीन वर्षांचा पल्ला तो सहा महिन्यांत ओलांडतो, तेव्हा या स्कूटरने खरे पैसे वाचतात ते त्याचे. भाडेकरूच्या नावाने पार्किंगमध्ये वायर देता येत नाही असे सोसायटीचे म्हणणे, आणि घरमालक परगावी, सही द्यायला राजी नाही. वसईची बातमी डोक्यात असल्यामुळे घरात चार्ज करायलाही मनाई. तो रात्री दोन्ही बॅटऱ्या काढून खांद्याला अडकवतो आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका दुकानात ठेवून येतो. दुकानदार रात्रीचे तीस रुपये घेतो. माझ्या सॉकेटवरून देऊ का, असे मी विचारले, तर सेक्रेटरी काकांनी परवानगीच्या कागदातली अट दाखवली : फक्त अर्जदाराच्या स्वतःच्या वाहनासाठी.

मुलाने आता लेखी अर्ज केला आहे, सोबत मी आणि आणखी दोघांनी पत्र जोडले आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा विषय आहे. पहिला विषय गच्चीच्या गळतीचा, आणि गळतीवर आमच्याकडे आजवर दोन तासांच्या आत कधी चर्चा संपलेली नाही.